२०२१ मध्ये झिरो अवरवाल्यांनी फर्लोचं कसं तपासायचं

नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये दुसरा लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या रेस्टॉरंटचा मॅनेजर सगळ्या पोरापोरींना एकच सांगत होता, झिरो अवरवाल्यांना (म्हणजे तासांची हमी नसलेल्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांना) फर्लो नसतो. फर्लो म्हणजे कोविडमध्ये काम नसताना मालकाने घरी बसवायचं आणि सरकारी मदतीतून ८० टक्के पगार द्यायचा अशी ब्रिटनमधली योजना, ती ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. आम्ही पण मुकाट मान डोलावली. नंतर कळलं की असं काही नव्हतंच. कॉन्ट्रॅक्ट झिरो अवरचं असो, पार्ट टाइम असो नाहीतर एजन्सीचं, तुम्ही पेरोलवर (मालकाच्या पगाराच्या यादीत) असलात तर चालायचं. वयाचीही अट नव्हती, सोळा-सतरा वर्षांच्या शनिवारी काम करणाऱ्या पोरांनाही फर्लोवर ठेवता यायचं. आणि आपल्याकडून शिकायला आलेल्यांच्या व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते मिळणार नाहीत) लिहिलेलं असलं तरी घाबरायचं कारण नव्हतं, फर्लो त्यात मोजत नव्हते.

पुढचं सगळं मे २०२१ च्या नियमाने सांगते.

सगळ्यात आधी तारीख बघायची. २ मार्च २०२१ ला तुम्ही नोकरीवर असायला हवं होतं आणि २० मार्च २०२० ते २ मार्च २०२१ या काळात मालकाने तुमच्या पगाराची आरटीआय एकदा तरी एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या टॅक्स खात्याला, पाठवलेली हवी होती (आपल्याकडचा माहिती अधिकारवाला आरटीआय नव्हे, ही पगाराची ऑनलाइन नोंद असते). ती गेलीय का हे मॅनेजरला विचारत बसू नका, सरकारच्या साइटवर पर्सनल टॅक्स अकाउंट उघडा, तिथे कुठल्या मालकाने किती पगार दाखवलाय ते दिसतं. हातात रोख घेऊन काम केलं असेल आणि नोंदच नसेल तर मात्र अवघड होतं बाबा.

मग आकडा काढायचा. इथेच जास्त गडबड होते, कारण झिरो अवरमध्ये ठरलेला पगारच नसतो, रोटा (शिफ्टचं वेळापत्रक) दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर येणार, कधी ३० तास कधी ४. तुम्ही १९ मार्च २०२० च्या आधीपासून पेरोलवर असाल तर २०१९-२० या टॅक्स वर्षाची सरासरी आणि मे २०१९ चा पगार, यातला जो जास्त तो धरायचा. मे २०२० नाही हं, तेव्हा सगळं बंदच होतं. नंतर लागला असाल तर लागल्यापासून फर्लोच्या आदल्या दिवसापर्यंतची सरासरी.

माझंच उदाहरण घ्या. ७ सप्टेंबर २०२० ला लागले, ५ नोव्हेंबरपासून फर्लो. मधले दिवस ५९, शिफ्ट नसलेले सुट्टीचे दिवसही त्यात धरायचे. कमाई ११८० पौंड, म्हणजे दिवसाला २०. मेचे ३१ दिवस, झाले ६२०, त्याचे ८० टक्के ४९६ पौंड. ओव्हरटाइमचे पैसे धरायचे, टिप धरत नव्हते. वरची मर्यादा महिन्याला २५०० पौंडांची होती, आपण कुठे तिथपर्यंत जात होतो! तासाला किमान वेतनापेक्षा कमी पडलं तरी तक्रार चालत नव्हती कारण काम करतच नव्हतो, पण मालकाने ऑनलाइन ट्रेनिंग करायला लावलं तर त्या तासांना किमान वेतन द्यावंच लागायचं, १८ ते २० वयाला तेव्हा ६.५६ पौंड.

आता खरी मेख. फर्लो हा तुमचा हक्क नव्हता, ठेवायचं की नाही ते मालक ठरवायचा. म्हणून विचारायचं, आणि लेखी विचारायचं, इमेल केला तरी पुरे. मालक म्हणायचा खर्च पडतो. तर जून २०२१ पर्यंत ते ८० टक्के सगळे सरकार देत होतं, मालकाच्या गळ्यात पडायचा तो नॅशनल इन्शुरन्स (पगारावर सरकारला भरायचा सामाजिक विमा) आणि पेन्शन. तुम्ही २१ च्या आतले असाल तर एवढ्या पगारावर मालकाला नॅशनल इन्शुरन्स लागत नाही, आणि पेन्शनमध्ये आपोआप नाव २२ व्या वर्षापासून टाकतात. म्हणजे साठत जाणारी रजा सोडली तर तुम्हाला फर्लोवर ठेवायचा मालकाचा खर्च जवळजवळ शून्य! जुलैत मालकाला १० टक्के घालावे लागणार होते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये २०, म्हणून त्याआधीच विचारलेलं बरं होतं. मी हे इमेलमध्ये गोड शब्दांत लिहिलं, दुसऱ्या दिवशी होकार आला.

होकार आला की तो लेखी घ्यायचा, कुठल्या तारखेपासून ते त्यात असू द्यायचं. फर्लोच्या तासांत त्या मालकाचं काम करायचं नाही, 'जरा येऊन डिलिव्हरी उतरव ना' हेसुद्धा नाही. दुसरीकडे नोकरी केली तर चालायची, स्टुडंट व्हिसावाल्यांनी आठवड्याला २० तासांची मर्यादा तेवढी बघायची. फर्लोमध्ये सुट्टी घेतली तर त्या दिवसांचा पगार पूर्ण मिळायला हवा होता, ८० टक्के नाही.

पेस्लिप आली की टॅक्स कोड बघा. एकच नोकरी असून १२५७एलच्या (ठराविक कमाई करमुक्त ठेवणारा कोड) जागी बीआर (सगळ्या पगारावर २० टक्के टॅक्स) लिहिलं असेल तर ४९६ मधले ९९ पौंड टॅक्समध्ये जातील, एचएमआरसीला फोन करून कोड बदलून घ्या. आणि आकडाच चुकलाय असं वाटलं तर आधी मालकाकडे हिशोब मागा, तरी ऐकेना तर एकासला (नोकरीच्या वादांत मदत करणाऱ्या संस्थेला) फोन लावा, सल्ला फुकट देतात. फक्त ट्रिब्युनलमध्ये (नोकरीच्या वादांच्या कोर्टात) जायची मुदत २०२१ मध्ये तीन महिन्यांना एक दिवस कमी एवढीच होती, म्हणून 'बघू पुढच्या महिन्यात' करत बसून चालायचं नाही.