रोड सायकलचे पेडल निवडताना आधी बुटाचा विचार करावा

वरच्या दर्जाची रोड सायकल बहुधा पेडलांशिवायच विकली जाते, याचे नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. पण पेडल आणि बूट यांची जोडी जमावी लागते आणि चालवणारा कोणते बूट घालणार हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे वेग आणि वजनाचे आकडे काही काळ बाजूला ठेवून, सायकलवरून उतरल्यावर आपल्याला किती चालावे लागते, या प्रश्नापासून निवडीला सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

ज्याला वाटेत वारंवार थांबावे लागते, नेहमीच्याच बुटांत कामावर जायचे असते किंवा ज्याला रोड सायकलचा तोल अजून अंगवळणी पडायचा आहे, त्याने सपाट पेडल घ्यावे आणि त्यात कमीपणा मानू नये. मात्र गुळगुळीत प्लास्टिकचे पेडल पावसात निसरडे होते, म्हणून पृष्ठभाग रुंद आणि त्यावर धातूच्या बारीक खुंट्या असलेले पेडल पाहावे आणि त्यावर फार मऊ तळाचे बूट वापरू नयेत. बूट अडकवणाऱ्या पेडलाने पाय वर ओढताही येतो आणि त्यामुळे ताकद खूप वाढते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात जवळजवळ सगळी ताकद पाय खाली दाबतानाच मिळते. अडकवण्याचा खरा फायदा असा की जलद पायडल मारताना, उभे राहून चढ चढताना किंवा खडबडीत रस्त्यावर पाय जागचा हलत नाही. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराला हा फायदा मोठा आहे, रोज दोन-चार किलोमीटर जाणाऱ्याला तो जेमतेम जाणवेल.

चवडा अडकवण्याची जुनी पिंजरेवजा क्लिप आणि तिचा चामडी पट्टा यांची शिफारस मी आज करणार नाही, कारण घट्ट आवळलेला पट्टा सोडवायला हात खाली न्यावा लागतो. ही क्लिप नाहीशी झाली म्हणून नव्या पेडलांना ‘क्लिपलेस’ म्हणू लागले. बूट ज्यात खटकन अडकतो त्याच पेडलाचे हे नाव असल्याने आजही गोंधळ उडतो. लूक या फ्रेंच कंपनीने अशी पेडले 1984 मध्ये आणली आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो या फ्रेंच सायकलपटूने त्यांवर टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली.

क्लिपलेस पेडले घ्यायचे ठरले की खरी निवड क्लीटची, म्हणजे बुटाखाली बसणाऱ्या आणि पेडलात अडकणाऱ्या तुकड्याची असते. शिमानो या जपानी कंपनीच्या एसपीडी प्रकारात, जो 1990 च्या सुमारास आला, दोन बोल्टची छोटी धातूची क्लीट बुटाच्या तळात खोल बसते. त्यामुळे जमिनीवर नीट चालता येते आणि बहुतेक पेडले दोन्ही बाजूंनी अडकत असल्याने पायाखाली पाहावे लागत नाही. शिमानोच्याच एसपीडी-एसएल आणि लूकच्या केओ या प्रकारांत तीन बोल्टची मोठी प्लास्टिकची क्लीट असते. ताठ तळाच्या बुटाबरोबर ती रुंद आधार देते, म्हणून तासन्‌तास चालवताना तळव्याच्या एकाच जागी दाब साचत नाही. पण ती तळाबाहेर डोकावते, फरशीवर घसरते, चालण्याने झिजते आणि पेडल एकाच बाजूने अडकते. शिवाय दिसायला सारख्या असल्या तरी लूक आणि शिमानो यांच्या क्लीट एकमेकांच्या पेडलात चालत नाहीत. प्रवासात ठिकठिकाणी उतरणाऱ्याने रोड सायकलवरही खुशाल एसपीडी लावावे. तीन बोल्टचा प्रकार मुख्यतः शर्यतीसाठी आणि न उतरता लांब पल्ला गाठणाऱ्यांसाठी योग्य आहे.

गुडघ्यांच्या दृष्टीने पेडलापेक्षाही महत्त्वाची बाब म्हणजे अडकलेल्या पायाला टाच डावी-उजवीकडे हलवण्याची मिळणारी मोकळीक, जिला फ्लोट म्हणतात. एसपीडी-एसएलमध्ये पिवळी क्लीट 6 अंश, निळी 2 अंश मोकळीक देते आणि लाल अजिबात देत नाही. लूक केओमध्ये मात्र लाल 9 अंश, करडी 4.5 अंश आणि काळी शून्य. म्हणजे लाल रंगाचा अर्थ दोन्हीकडे नेमका उलटा आहे, हे मागवताना लक्षात ठेवावे. सुरुवातीला पिवळी किंवा करडी क्लीट घ्यावी आणि चवड्याचा फुगीर भाग पेडलाच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे येईल अशी ती बसवावी. पाय सरळ ठेवण्याच्या अट्टहासापेक्षा तो मुळात जसा वळतो तसाच राहू द्यावा.

पकडीचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू असलेल्या पेडलात तो आरंभी सगळ्यात ढिला ठेवावा. पाय सोडवताना टाच बाहेरच्या बाजूला फिरवावी लागते आणि ती सवय लागेपर्यंत, थांबलेल्या सायकलवरून सावकाश कुशीवर कोसळण्याचा मान बहुतेकांना मिळतोच. भिंतीला धरून दोन्ही पाय वीस-पंचवीस वेळा अडकवावेत आणि सोडवावेत; गर्दीच्या रस्त्यावर त्यानंतरच जावे. काही ग्रॅम वजन वाचवणाऱ्या कार्बनच्या पेडलांचा विचार अगदी शेवटी करावा.

बसवताना आट्यांना ग्रीस लावावे आणि डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात हे विसरू नये. दोन्ही पेडले सुरुवातीला हातानेच फिरवावीत आणि सहज जाऊ लागल्यावरच 15 मिलिमीटरच्या पान्याने किंवा ॲलन कीने घट्ट करावीत, कारण वाकडे चढवलेले पोलादी पेडल ॲल्युमिनियमच्या क्रँकचे, म्हणजे पेडल ज्याला जोडतात त्या दांड्याचे, आटे कायमचे बिघडवते. नव्या पेडलाची आणि बुटाच्या तळाची जाडी आधीपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून पहिल्या फेरीपूर्वी सीटची उंचीही पुन्हा मोजून घ्यावी.