जुनी बारोलो उघडताय? बाटली 'गेली' म्हणण्याआधी या चुका टाळा

जुन्या बारोलोबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "एवढे पैसे घातले आणि बाटली मेलेली निघाली". आता खरंच मेलेल्या बाटल्याही असतात, त्याबद्दल खाली लिहिलंयच, पण बऱ्याचदा वाइन ठणठणीत असते आणि निकाल पहिल्या पंधरा मिनिटांत लावून मोकळे झालेले असतात लोक. तीस वर्षं बंद राहिलेली वाइन अशी पटकन बोलत नाही हो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण चांगली बाटली नुसत्या घाईपायी सिंकमध्ये जाते हे बघून खरंच जीव तुटतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: बारोलो म्हणजे इटलीच्या वायव्येला पिएमोन्तेमध्ये, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवर होणारी रेड वाइन, ११ गावांचीच, आणि द्राक्ष एकच, नेब्बिओलो. नियमाप्रमाणे किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडात, रिसेर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर ६२ महिने. पारंपरिक पद्धत म्हणजे साली कित्येक आठवडे रसात ठेवायच्या आणि मग मोठ्या जुन्या ओकच्या पिंपांत, ज्यांना तिकडे बोत्ती म्हणतात, वर्षानुवर्षं शांत ठेवायची. १९८० च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी छोटी फ्रेंच बॅरिक पिंपं आणली, वाइन लवकर मऊ व्हायला लागली, त्यावरून तिथे चांगलंच वाजलं, इतकं की बार्तोलो मास्कारेल्लो यांनी लेबलवरच "नो बॅरिक, नो बेर्लुस्कोनी" लिहिलं. मी इथे बोलतोय ते पारंपरिक घराण्यांबद्दल, म्हणजे जाकोमो कोन्तेर्नो, बार्तोलो मास्कारेल्लो, ज्युसेप्पे रिनाल्दी, काव्हाल्लोत्तो, बोर्गोन्यो वगैरे. यांच्या वाइन तरुणपणी एवढ्या तुरट आणि आंबट असतात की जीभ आखडते, आणि त्याच जोरावर त्या चाळीस वर्षं टिकतात.

रंग बघून घाबरणं

ही पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक. ग्लासात ओतली आणि फिकट विटकरी दिसली, कडेला नारिंगी, की लगेच "अरे ही तर गेली". नेब्बिओलो मुळातच फिकट द्राक्ष आहे, त्यातलं रंगद्रव्य कमी टिकाऊ असतं आणि हवेने लवकर बदलतं, त्यामुळे दहा वर्षांतच कड नारिंगी दिसायला लागते आणि तीस वर्षांनी तर मधूनही आरपार दिसतं. कॅबर्नेसारख्या गडद द्राक्षाच्या डोळ्यांनी नेब्बिओलो बघायचीच नाही. बघायचं असेल तर चमक बघा. फिकट पण चमकदार, ही चांगली खूण. पूर्ण तपकिरी, मलूल, आणि वास घेतला तर फक्त शेरीसारखा किंवा शिळ्या सफरचंदासारखा, तर मात्र हवा आत शिरलीय. आणि उलट बाजूने सांगतो, १९६४ ची म्हणून कोणी बाटली उघडली आणि आतून गडद जांभळी वाइन आली तर तिथे शंका घ्या.

बाटलीचं माप चुकीच्या पट्टीने मोजणं

जुन्या बाटलीत वाइन किती खाली गेलीय हे बघणं बरोबरच आहे, पण बरेच जण फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनचे शब्द लावतात, खांद्यापर्यंत, खांद्याच्या मधोमध असं. लांगेची बाटली उतरत्या खांद्याची असते (त्यांची स्वतःची आल्बेईझा नावाची बाटली आहे, १९७३ पासून तिथल्या उत्पादकांनी ती परत वापरात आणली), तिथे हे शब्द चालत नाहीत. बुचाच्या खालच्या टोकापासून वाइनपर्यंत किती सेंटीमीटर ते मोजा. चाळीस वर्षांच्या बाटलीत तीन-चार सेंटीमीटर अगदी नॉर्मल, सहा-सातच्या पुढे गेली की जपून.

अजून एक गोष्ट, साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच इटालियन बाटल्या ७२० मिलीच्याच असायच्या, ७५० च्या नव्हे, तेव्हा लेबलवर ७२० दिसलं म्हणून नकली समजू नका. तसंच जुन्या बाटलीवर द्राक्षमळ्याचं नाव नाही म्हणून ती साधी असंही नसतं. एकाच मळ्याचं नाव लेबलवर टाकायला १९६१ च्या हंगामापासून सुरुवात झाली, त्याआधी वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षं एकत्र करणं हीच तिथली रीत होती आणि बार्तोलो मास्कारेल्लोंच्या घरी आजही तसंच करतात. बूच नवं दिसलं तरी लगेच दचकू नका, बोर्गोन्योसारख्या घराण्यांनी तळघरातल्या जुन्या बाटल्या विकायला काढण्याआधी गाळ काढून नवं बूच बसवलेलं आहे.

आणली की उघडली

नेब्बिओलोचा गाळ फार बारीक असतो आणि कडू असतो. आडवी ठेवलेली बाटली उचलली, गाडीतून नेली आणि त्याच संध्याकाळी उघडली की तो सगळा गाळ वाइनमध्ये फिरतो, मग चव पिठूळ आणि कडवट लागते आणि लोक म्हणतात वाइन सुकली. किमान एक आठवडा उभी ठेवा, विमानाने आणली असेल तर महिनाभर हात लावू नका. (भारतात परत येताना ड्यूटीशिवाय दोन लिटरच आणता येते, म्हणजे दोन बाटल्या, तेव्हा त्या दोन बाटल्यांना तरी नीट विश्रांती द्या.) ओततानाही सावकाश, बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरायचा आणि गाळाची रेघ मानेपाशी आली की थांबायचं. शेवटचे दोन घोट सोडून द्यायचे, त्याचा लोभ नको.

बुचाचं पण सांगतो. नेहमीचा स्क्रू घातला की जुनं बूच मधून तुटतं किंवा भुगा होतो. दोन पात्यांचा ओपनर मिळतो, पाती बूच आणि काच यांच्या मधून हळूहळू डोलवत खाली घालायची आणि पिळत पिळत वर काढायचं. तरीही तुटलं तर टेन्शन नाही, बारीक गाळणीतून गाळून घ्या, बुचाचे तुकडे पडले म्हणून वाइन बिघडत नाही. वर काळी बुरशी दिसली तर ती ओलसर तळघराची खूण आहे, ओल्या फडक्याने पुसा आणि पुढे चला.

हवा: एकतर अजिबात नाही किंवा एकदम खूप

इथेच खरा घोळ होतो. उघडल्या उघडल्या जुन्या बारोलोला बहुतेकदा बंद तळघराचा, ओल्या पानांचा, कधी रबराचा, कधी चक्क कुजकट वास येतो. कुठे गेला तो डांबर आणि गुलाबाचा वास ज्याबद्दल सगळे एवढं बोलतात? तो मागे असतो, त्याला पुढे यायला तास लागतात. मग दुसऱ्या टोकाला जाऊन काही जण चाळीस वर्षांची वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा देण्याच्या रुंद काचेच्या भांड्यात, धबाधबा ओततात आणि गोल गोल फिरवतात. ती जर आधीच नाजूक असेल तर अर्ध्या तासात जे होतं तेही उडून जातं.

मला पटलेली पद्धत अशी: तीस वर्षांच्या पुढची बाटली सकाळी उघडायची, ग्लासात अगदी थोडी ओतून वास आणि चव बघायची, आणि बाटली तशीच, बूच न लावता, थंड जागी उभी ठेवून द्यायची. बाटलीच्या मानेत हवेशी संपर्क अगदी रुपयाएवढाच होतो, म्हणून हे फार सावकाश होतं. दर दोन तासांनी एक घोट. वास सुधारत असेल तर हात लावू नका, संध्याकाळी सरळ ग्लासात ओता. १९९६ किंवा २००१ सारख्या ताकदवान वर्षांची वाइन असेल, अजून तुरटपणा अंगात असेल, तर मात्र खुशाल डिकँटरमध्ये दोन-तीन तास ठेवा, तिला ते लागतंच. कमी भरलेली किंवा कमजोर वर्षाची बाटली असेल तर डिकँटर नकोच, तासाभरात प्यायला बसा.

आता वास जात नसेल तर? ओला पुठ्ठा, कुबट फडकं असा वास असेल आणि वेळेबरोबर तो कमी होण्याऐवजी वाढतच गेला, फळाचा पत्ताच नाही, तर तो बुचाचा दोष, टीसीए, त्याला उपाय नाही, बाटली परत करता येते का बघा. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगरचा वास थोडासा असेल तर जुन्या पारंपरिक वाइनमध्ये चालतो, उलट वास वर उचलतो, पण नाकात झोंबायला लागला तर ती गेली. घोड्याच्या तबेल्याचा किंवा बँडेजचा वास हा ब्रेटानोमायसेस यीस्टचा, थोडा असेल तर काहींना आवडतो, मला जास्त असला तर फळ झाकतो म्हणून नाही आवडत. आणि कुजकी अंडी, काडीपेटी असा वास असेल तर घाबरू नका, हवेने तो बहुतेकदा जातो. म्हणजे नियम साधा आहे, तासाभरात वास कुठल्या दिशेने चाललाय ते बघा आणि मग बोला.

सगळं जमून आलं की काय येतं ते पण सांगायला पाहिजे ना: वाळलेल्या गुलाबपाकळ्या, डांबर, ज्येष्ठमध, संत्र्याची साल, तंबाखू, चामडं, कधी ओल्या मातीचा आणि ट्रफलचा (जमिनीखाली उगवणारी सुगंधी बुरशी) वास. फळ मागे गेलेलं असतं, सुकलेल्या चेरीसारखं. ज्यांना ताजं रसरशीत फळच हवंय त्यांनी जुनी बारोलो घेऊ नये, यात काही कमीपणा नाही.

रूम टेंपरेचर

वाइनच्या पुस्तकातलं रूम टेंपरेचर म्हणजे युरोपातली थंड खोली. मुंबई-पुण्यात मे महिन्यात ३० अंशाला ओतली तर अल्कोहोल आणि आंबटपणा सुटे सुटे लागतील. १६ ते १८ अंश ठेवा, फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवून काढली तरी चालतं. पण एकदम गार केली तर टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे घटक, कडक लागतात आणि वास बंद होतो. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर १२-१४ अंशांची जागा हवी, किचनच्या कपाटात दोन उन्हाळे काढलेल्या बाटलीकडून काही अपेक्षा ठेवू नका. ग्लास मोठ्या पोटाचा घ्या, आणि वापरण्याआधी त्याला साबणाचा किंवा कपाटाचा वास नाही ना ते बघा.

फक्त वर्ष बघून घेणं

व्हिंटेज चार्ट, म्हणजे कुठलं वर्ष किती चांगलं गेलं याचा तक्ता, उपयोगी आहे, १९७८, १९८२, १९८९, १९९०, १९९६ ही खरंच मोठी वर्षं. १९७२ एवढं वाईट होतं की त्या वर्षीची वाइन बारोलो नावाने काढलीच नाही, तेव्हा १९७२ ची बारोलो कोणी दाखवली तर आधी प्रश्न विचारा. पण चार्ट म्हणजे सगळं नव्हे. २००२ पावसाने आणि गारपिटीने झोडपलेलं, सगळे नाक मुरडतात, आणि त्याच वर्षी कोन्तेर्नोंनी मोनफोर्तीनो ही त्यांची खास बारोलो काढली जी आज लोक शोधत फिरतात. त्यामुळे मी आधी उत्पादक बघतो, मग बाटली कुठे ठेवलेली होती ते, आणि मग वर्ष. गावही बघा: सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेची माती जास्त जुनी आणि घट्ट, तिथली वाइन उशिरा खुलते, ला मोर्रा आणि बारोलो गावाकडची लवकर सुगंधी होते. एकाच वर्षाच्या दोन बाटल्यांना म्हणूनच एकच वेळापत्रक लावू नका.

आधी तरुण, मग म्हातारी

वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या एकत्र चाखताना लोक नवी आधी घेतात. नेब्बिओलोत हे जमत नाही, तरुण बारोलोचे टॅनिन जिभेवर साचतात आणि मग १९७१ च्या नाजूक वाइनची चवच कळत नाही. जुनी आधी घ्या. जेवणाचं म्हणाल तर तिकडे ब्राझातो, म्हणजे वाइनमध्येच तासन्‌तास शिजवलेलं बीफ, नाहीतर लोणी आणि ट्रफल घातलेले ताजारीन नूडल्स. घरी मश्रूम आणि लोण्याचा साधा पास्ता किंवा मुरलेलं चीज मस्त जमतं. तिखट रस्सा त्या दिवशी नको, मिरचीने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही टोचायला लागतात.

बाटली उरली तर बूच उलटं लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन तास आधी काढून परत चाखा, नव्वदच्या दशकातली पारंपरिक बारोलो दुसऱ्या संध्याकाळी जास्त चांगली लागली असं बऱ्याचदा होतं. साठच्या दशकातली मात्र त्याच रात्री संपवा.