वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात या चुका टाळा

सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड, दुपारी आमटी-भात, रात्री पुन्हा मऊ भात. कोकणातल्या अनेक वृद्धाश्रमांत दिवस असाच जातो. आजी-आजोबा कुरकुर करत नाहीत, वाट्या रिकाम्या परत येतात, आणि काही महिन्यांत बांगड्या कोपराकडे सरकू लागतात. वय झालं की माणूस वाळायचाच, असं आपण म्हणून टाकतो. पण पुष्कळदा दोष वयाचा नसतो, वाटीतल्या पाण्याचा असतो.

मऊ करायचं म्हणून पातळ करणं

सगळ्यांत मोठी चूक ही. दात नाहीत म्हणून अन्न मऊ हवं, हे खरं. ते पाणचट का व्हावं? ५० किलो वजनाच्या ज्येष्ठाला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. मूठभर तांदळाच्या पेजेतून मिळतात जेमतेम २-३ ग्रॅम. भूक मंदावलेली, दोन वाट्यांत पोट भरतं. म्हणून त्या दोन वाट्यांत काय आहे, यावर सगळं अवलंबून.

पेज बंद करू नका. जन्मभर तिच्यावर वाढलेली माणसं आहेत ती. शिजतानाच तिच्यात मूगडाळ घाला, वर चमचाभर तूप सोडा, आणि लोणच्याच्या जागी कुळथाची घट्ट पिठी वाढा. कुळथात १०० ग्रॅममागे वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि तो आपल्याच मातीतला, स्वस्त. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात शिजवा. अंडं चालत असेल त्याला रोज एक द्या, ६ ग्रॅमची सोय झाली. चवळी, वाल, मसूर मऊ शिजवून घोटले की दात नसलेलाही आवडीने खातो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांचं प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मासळीच्या बाबतीत काट्याच्या भीतीने नुसती कढी वाढली जाते आणि मासा भांड्याच्या तळाशी राहतो. प्रथिनं त्या माशात आहेत. बांगडा उकडून, काटे काढून, कुस्करून भातात कालवा. सोललेली कोळंबी बारीक चिरून घाला. बारीक काट्यांची तारली, मांदेली मात्र या ताटात नको.

ठसका लागतो म्हणून आणखी पाणी घालणं

पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांना पातळ पदार्थ गिळणंच सगळ्यांत अवघड जातं. पेजेत तर निवळ वेगळी आणि शितं वेगळी; तोंडात दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत आणि घोट श्वासनलिकेत जातो. अशांना पेज घोटून, चमच्यावर ठरेल इतकी दाट करून द्या. ताठ बसवून भरवा, घाई करू नका, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. जेवताना आवाज ओला, घोगरा होत असेल किंवा वरचेवर ताप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

सगळ्यांना एकच अळणी भांडं

लोणचं, पापड, सुकट यांत मीठ भरपूर असतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो पाळायचा म्हणून सगळ्यांचंच जेवण बेचव केलं की चव आधीच मंदावलेली माणसं जेवणच टाकतात. मीठ बेताचं ठेवा आणि चव कोकमाने, लिंबाने, आल्याने, कोथिंबिरीने आणा. सुकी मासळी भिजवून ते पाणी फेकून द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा तर हे हमखास लक्षात ठेवा.

लघवी होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांचं मीठ मनाने तोडणं धोक्याचं आहे. दमट उन्हाळ्यात घामावाटेही क्षार जातात. अशातलं कुणी एकाएकी सुस्त झालं, असंबद्ध बोलू लागलं, तर रक्तातलं सोडियम तपासून घ्या. शहाळ्याचं पाणी सरसकट नको: त्यात पोटॅशियम जास्त, मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते बाधू शकतं.

मागतील तेव्हा पाणी देऊ

म्हातारपणी तहान कळत नाही, म्हणून ते मागतच नाहीत. लघवीला वारंवार जावं लागू नये म्हणून काही जण मुद्दाम टाळतात, कारण संडास दूर असतो, हाताला कुणी नसतं. ठरलेल्या वेळांना पेला हातात द्या आणि संडासापर्यंत सोबत जा.

जेवण नाकारलं की हट्टीपणा समजणं

आधी तोंड उघडून बघा. सैल कवळी, फोड, पांढरा थर. मग पोट साफ आहे का विचारा, नवीन गोळी सुरू झाली का पाहा. एकादशी, संकष्टी मोडायला लावू नका, पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांशी बोला.

संध्याकाळी सातला जेवण आणि सकाळी आठला नाश्ता म्हणजे तेरा तास पोट रिकामं. निजताना कपभर दूध द्या. दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं, म्हणजे ५० किलोच्या आजी महिन्यात साडेसत्तेचाळीसवर किंवा सहा महिन्यांत ४५ वर आल्या, तर तपासण्या करून घ्या आणि त्याच दिवसापासून त्यांचं ताट बदला.