खनिजशिरेतील इंडियम हा धातू कसा शोधावा

वडोदऱ्याच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला जवळचे बहुधातुक धातुक, म्हणजे अनेक धातू एकत्र असलेले खनिजसाठे, अंबाजीचे. परंतु ते प्राचीन सागरतळावरील ज्वालामुखीशी निगडित असल्याने खडकाच्या भेगांत खनिजे साचून बनलेल्या शिरांच्या अभ्यासात त्याला नमुना मानू नये.

प्रथम शिरेचा आडवा छेद घासून चकचकीत करावा आणि भिंतीपासून मध्याकडे खनिजांचा क्रम नोंदवावा, कारण शिलारसातून सुटलेले क्लोराइडयुक्त उष्ण द्रव भेगेतून चढताना थंड होतात, उकळतात किंवा भूजलात मिसळतात आणि टप्प्याटप्प्याने निरनिराळी सल्फाइडे (धातू व गंधकाची खनिजे) मागे सोडतात. इंडियमसाठी जस्ताच्या सोबतीला कथील व तांबे असलेला पट्टा आधी तपासावा.

रोकेसाइट हे इंडियमचे स्वतंत्र खनिज क्वचितच भेटते. बहुतेक इंडियम स्फॅलेराइट या जस्ताच्या सल्फाइडमध्ये, दोन जस्त-आयनांच्या जागी तांब्याचा एक आणि इंडियमचा एक आयन बसून, दडलेले असते. म्हणून इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने (इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या उपकरणाने) तांबे व इंडियम दोन्ही मोजावीत. त्यांच्या अणूंचे प्रमाण एकास एक आल्यास ही अदलाबदल मानावी. तांबे जास्त आले, तर चाल्कोपायराइट या तांबे-लोहाच्या सल्फाइडचे सूक्ष्म कण मोजणीत शिरल्याची शंका घ्यावी. कॅडमियमची एक क्ष-किरण रेषा इंडियमच्या रेषेवर चढते. त्यामुळे वाढलेली मोजणी वजा करण्याची दुरुस्ती न करता काढलेले आकडे माझ्या मते छापण्याजोगे नसतात. रंगावर भिस्त ठेवू नये, कारण स्फॅलेराइटचा काळेपणा मुख्यतः लोहाचा असतो.