काळ्या खणीच्या पाण्यातला पॅरामेशियम घरी वाढवून कसा बघायचा

मायक्रोबायोलॉजी म्हटलं की लोकांना फक्त बॅक्टेरिया आठवतात, पण तळ्याच्या पाण्यात बॅक्टेरिया खाऊन जगणारे एकपेशीय आदिजीव पण असतात, पॅरामेशियम त्यातलाच एक, आणि ते बघायला मोठी लॅब लागत नाही, शाळेतला साधा मायक्रोस्कोप किंवा कागदाचा फोल्डस्कोप पुरतो.

आधी पाणी आणायचं. कृष्णेच्या धारेतलं नको, वाहत्या पाण्यात फार काही हाताला लागत नाही. सांगलीत असाल तर काळी खण नावाच्या तळ्याच्या कडेचं, नाहीतर शेततळ्याचं, जिथं शेवाळ आणि कुजकी पानं असतात तिथलं घ्या, थोडा गाळ आला तर चांगलंच. बाटली निम्मीच भरा, हवा लागते. पोरांना एकटं काठावर पाठवू नका.

मग शाळूचा कडबा मूठभर, बारीक तोडून, अर्धा लिटर पाण्यात १० मिनिटं उकळा. पाणी नळाचं असेल तर आदल्या दिवशी उघडं भरून ठेवा म्हणजे क्लोरीन उडतो. गार झालं की बरणीत ओतून वर फडकं बांधा आणि एक दिवस तसंच ठेवा. उकळूनही कडब्यावरच्या काही बॅक्टेरियांचे बीजाणू जिवंत राहतात, त्यातून बॅक्टेरिया वाढून पाणी गढूळ होतं, आणि आदिजीवांचं जेवण म्हणजे हेच. आता खणीचं वाटीभर पाणी त्यात ओता, बरणी उन्हात नको. मी पहिल्या खेपेला कडबा ठासून भरला होता, तिसऱ्या दिवशी नुसता सडका वास आणि एक जीव हलेना, कारण बॅक्टेरियांनीच सगळा ऑक्सिजन संपवला होता.

रोज एक थेंब बघायचाच, कारण खरी मजा क्रमात आहे. सुरुवातीला बारीक ठिपके थरथरताना दिसतात, मग शेपटीवाले छोटे जीव येतात, आणि साधारण आठ-दहा दिवसांनी पॅरामेशियम. पृष्ठभागावरच्या सायीच्या जरा खालून थेंब घ्या आणि त्यात कापसाचे दोन-तीन तंतू टाका, नाहीतर तो इतका जोरात पळतो की नजरेत मावत नाही. १०० पट मोठं केलं की चपलेच्या तळव्यासारखा आकार दिसतो, आणखी मोठं केलं तर अंगभर केसांसारखे पक्ष्माभ, आणि आत एक पिशवी फुगते, रिकामी होते, परत फुगते. गोडं पाणी सारखं पेशीत शिरत असतं, ते या पिशवीने उपसून टाकलं नाही तर पेशी फुटेल. पचन, पळणं, पाणी उपसणं सगळं एकाच पेशीत, मला याचं अजून नवल वाटतं.

तो बॅक्टेरियापेक्षा शंभरेक पट लांब असतो, पण खरा फरक आकाराचा नाहीच, याच्या पेशीत आपल्यासारखं पडद्यातलं केंद्रक असतं, बॅक्टेरियात ते नसतं. डच संशोधक लेवेनहूकने असे जीव १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यात पाहिले, जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये त्यांना प्रोटिस्टा हे नाव दिलं. आव पाडणारा एंटामिबा आणि मलेरियाचा प्लाझमोडियम याच गोतावळ्यातले, आणि त्यांची पेशी आपल्या पेशीच्या जवळची असल्यामुळे आपल्याला न दुखवता त्यांना मारणारं औषध शोधणं अवघड जातं. म्हणून बरणीला हात लावला की साबणाने धुवायचेच.

बॅक्टेरिया संपत आले की पॅरामेशियम पण कमी होतात, तेव्हा दोन आठवड्यांनी कडब्याचं नवीन पाणी उकळून गार करा, एक दिवस ठेवा आणि जुन्यातलं वाटीभर त्यात ओता.