सरलॉइन: नावाचं मूळ, नेमका तुकडा आणि तो भाजायची रीत

लंडनमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये 'सरलॉइन' मागितलं तर गाईबैलाच्या अंगाचे दोन वेगळे भाग हातात पडतात. ते भाजायचेही वेगळे. त्यामुळे विकत घेण्याआधी नावाचा उलगडा करून घेणं फायद्याचं.

फ्रेंचमध्ये 'सुर' म्हणजे वर आणि 'लाँज' म्हणजे कमरेचा भाग. 'सुरलाँज' म्हणजे कमरेच्या वरच्या बाजूचं मांस. 'लाँज'चं मूळ लॅटिन 'लुम्बुस'मध्ये आहे. पाठदुखीच्या रिपोर्टवरचं 'लंबर' त्याच घरातलं. इंग्रजीत पुढे 'सुर'चं स्पेलिंग बदलून 'सर' झालं आणि त्यावर दंतकथा बेतली गेली: जेवणावर खूश होऊन राजानं या मांसाला 'सर' हा किताब दिला. इंग्रज इतिहासकार थॉमस फुलरनं १६५५ मध्ये ही गोष्ट आठव्या हेन्रीच्या नावावर सांगितली. इतरांनी ती पहिल्या जेम्सच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या नावावर चढवली. राजे बदलत राहतात, यावरूनच ती रचलेली आहे हे कळतं.

ब्रिटनमधलं सरलॉइन बरगड्यांच्या मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना असतं. जनावर चालताना या स्नायूला फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून तो मऊ. अमेरिकेत हाच तुकडा 'स्ट्रिप' किंवा 'न्यूयॉर्क स्ट्रिप' म्हणून मागावा लागतो. तिथलं 'सरलॉइन' त्याच्याही मागचं, पुठ्ठ्याजवळचं. ब्रिटनमध्ये साधारण त्याच भागाला 'रम्प' म्हणतात. हा स्नायू चालताना राबतो, त्यामुळे त्याला चव चांगली असली तरी तो जास्त चावावा लागतो.

भाजण्यासाठी ब्रिटिश पद्धतीचा, किमान ३ सेंमी जाडीचा तुकडा घ्या. त्याहून पातळ असेल तर बाहेरून रंग येईपर्यंत आतून कोरडा पडतो. एका कडेला चरबीची पट्टी असते, ती काढू नका. मात्र चरबी आणि मांस यांच्यामध्ये एक चिवट पांढरी पट्टी असते. तापली की ती आक्रसते आणि तुकडा वाटीसारखा वळतो, मग मधला भाग तव्याला टेकतच नाही. म्हणून कडेला दर ३ सेंमीवर, मांसापर्यंत पोचेल एवढीच चीर द्या.

मीठ ३०० ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा. ते निदान ४० मिनिटं आधी लावा, नाहीतर अगदी तव्यावर टाकताना. मधल्या वेळेत मीठ पाणी बाहेर ओढतं, ते परत मुरलेलं नसतं आणि ओला तुकडा भाजण्याऐवजी वाफवला जातो. मीठ कधीही लावा, तव्यावर टाकण्याआधी तुकडा कागदानं टिपून कोरडा करायचाच.

बिडाचा जाड तवा कडक तापवा, त्यावर चमचाभर तेल. आधी तुकडा चिमट्यानं धरून चरबीच्या कडेवर दोनेक मिनिटं उभा करा. सुटलेल्या चरबीतच पुढचं भाजायचं. मग आडवा ठेवून दर मिनिटाला उलटा, एकूण ६ ते ७ मिनिटं. मिनिटांवर पूर्ण भिस्त नको, कारण तव्याची जाडी आणि आच घरोघरी वेगळी. मध्यभागी थर्मामीटर खुपसून ५२ अंश सेल्सिअसला उतरवलं की ठेवल्या ठेवल्या ते आणखी दोन-तीन अंश चढतं आणि आतला भाग गुलाबी, रसाळ राहतो. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस ६३ अंश आणि त्यानंतर ३ मिनिटं थांबणं अशी आहे; लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस जेवणार असेल तर तीच पाळा.

पाच मिनिटं ताटलीत राहू द्या, मग धाग्यांच्या आडवे काप करा. अमेरिकन सरलॉइनला हे जास्तच लागू: काप बोटभर जाड नकोत, अर्धा सेंमी पुरे. लांब धागे तुटले की तेच मांस मऊ लागतं.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, त्यामुळे कायद्यानं विकलं जातं ते म्हशीचं मांस. पाठीचा हाच भाग त्यातही मिळतो, पण आत चरबीच्या रेषा कमी असल्यानं तो लवकर कोरडा होतो. शेवटच्या मिनिटाला तव्यात चमचाभर लोणी सोडून ते वरून ओतत राहा.