तरुण संघात सिनेमा दाखवताय? मग या चुका टाळा

आमच्या मंडळीत तरुण संघ शनिवारी संध्याकाळी भरतो आणि गेली काही वर्षं तो चालवायची जबाबदारी माझ्याकडे आहे. सुरुवातीला येशूच्या जीवनावरचे सिनेमे दाखवायचो, पण ते पोरांनी नाताळला, गुड फ्रायडेला, संडे स्कूलला इतक्या वेळा पाहिलेले असतात की मागच्या रांगेतले डायलॉग आधीच म्हणून मोकळे. मग साधे, थेटरात लागणारे सिनेमे आणायला लागलो, ज्यात ख्रिस्ती असं काही लेबल नाही. त्यातून जे शिकायला मिळालं ते मोठं आहे, पण चुकाही भरपूर झाल्या आणि त्यातल्या काही अशा की समोरच्या माणसाला लागलं. त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून लिहितोय.

आधी बायबलचं वचन ठरवायचं आणि मग सिनेमा त्यात कोंबायचा

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात. माझं उदाहरण सांगतो. 'लगान' (२००१) मधला कचराचा सीन सगळ्यांना आठवत असेल. गावाबाहेर उभा असलेला, वाकड्या हाताचा माणूस, क्रिकेटची टीम जमवणारा हिरो भुवन त्याला बॉल फेकायला सांगतो, तो त्याच वाकड्या हाताने फेकतो आणि बॉल असा काही वळतो की भुवन बघतच राहतो. मग तो म्हणतो हा आपल्या टीममध्ये पाहिजे, आणि सगळं गाव मागे सरकतं, कारण कचरा अस्पृश्य. मी कुष्ठरोग्याला येशू हात लावतो तो मार्क पहिल्या अध्यायातला उतारा आधीच काढून ठेवला होता. सीन संपला की लाइट लावली आणि म्हणालो, "कचरा म्हणजे आपण सगळे, पापाने वाकडे झालेले, आणि भुवन म्हणजे येशू."

त्या दिवशी एक वयस्कर काका नातीला सोडायला आले होते ते मागे खुर्चीवर बसलेले. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, माझ्या आज्याला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. ते काय त्याच्या पापामुळं व्हय?"

हॉलमध्ये कोणी हललं नाही. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या, मराठवाड्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचे पूर्वज गावकुसाबाहेरून आलेले आहेत, माझ्याही घरचे, आणि मी त्यांच्यावर झालेल्या अन्यायाला त्यांचंच पाप करून टाकलं, ते पण पवित्र शास्त्र हातात धरून. कचराने काही केलेलंच नाही. पाप असेल तर ते मागे सरकणाऱ्या गावाचं आहे. सिनेमा हे सरळ सरळ दाखवत होता, पण मी माझा धडा आधीच बांधून आणला होता म्हणून मला ते दिसलंच नाही.

काकांची मी तिथेच माफी मागितली. पुढच्या शनिवारी तोच सीन परत लावला, या वेळी कचराकडे नाही तर गावकऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघा म्हणालो, आणि मग याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचला, सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला तिकडे उभा राहा म्हणणारा, आणि गप्प बसलो. नववीतला एक मुलगा म्हणाला, "सर, त्याचं खरं नाव काय असेल? आईबापांनी कचरा ठेवलं असेल का?" त्यावर अर्धा तास बोलणं चाललं, आपल्याच मंडळीत लग्न ठरवताना 'ते मूळचे कुठले' हे अजून कोण कोण विचारतं इथपर्यंत. माझा ठरवलेला धडा चालला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

त्याच सीनमध्ये भुवन गावाला समजावताना रामाने शबरीची उष्टी बोरं खाल्ली हा दाखला देतो. ते पण मी पहिल्या वेळी फॉरवर्ड केलं होतं, आपल्या विषयात बसत नाही म्हणून. तसं करू नका. तो माणूस त्याच्या श्रद्धेतून बोलतोय, ते त्याचं त्याला बोलू द्या. प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये पौल अथेनैत (म्हणजे अथेन्समध्ये) काय करतो ते बघा, तो आधी शहरात फिरतो, त्यांची पूजास्थानं नीट बघतो, आणि मग त्यांच्याच कवींची ओळ घेऊन बोलतो. आधी फिरणं, बघणं, मग बोलणं. आणि नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचं गाणं अभंगात गायलं तेव्हा त्यांना अभंग आधी मनापासून येत होता, वरवर उचललेला नव्हता. आपल्यालाही सिनेमा आधी सिनेमा म्हणून आवडायला पाहिजे.

दिसला हिरो की तो येशू

हा नादच लागतो. हिरो मेला आणि परत उठला की झालं, पुनरुत्थान. हात पसरून पडला की वधस्तंभ. 'मॅट्रिक्स' (१९९९) तर यासाठी फारच सोयीचा वाटतो, त्यात निओ मरून उठतो, एकीचं नाव ट्रिनिटी आहे, शहराचं नाव झायन आहे. पण नीट बघा, त्यात सुटका कशाने होते, तर सत्य कळल्याने, डोळे उघडल्याने. कृपा नाही, क्षमा नाही, आणि त्या इमारतीत घुसून जी माणसं मारली जातात त्यांच्याबद्दल कोणाला दुःखही नाही. ज्याने शत्रूवर प्रीती करा म्हटलं त्याच्याशी हे कसं जुळवणार?

म्हणून मी आता उलटं विचारतो. हा कुठे येशूसारखा आहे हे पोरं दोन मिनिटांत सांगतात, त्यात काही मजा नाही. कुठे *नाहीये* ते शोधा म्हटलं की डोकं चालायला लागतं, आणि शुभवर्तमानात वेगळं काय आहे ते तिथेच कळतं.

अख्खा सिनेमा लावणं

'लगान' २२४ मिनिटांचा आहे, म्हणजे पावणेचार तास. आम्ही एकदा पूर्ण लावला, मध्ये वडापाव झाले, संपला तेव्हा साडेनऊ वाजलेले आणि पालक गेटवर गाड्यांचे हॉर्न वाजवत होते. चर्चा शून्य. आठ-दहा मिनिटांचा तुकडा पुरतो. पण तुकडा दाखवायचा तर आधीची गोष्ट दोन-तीन वाक्यांत सांगा, नाहीतर ज्यांनी पाहिलेला नाही ते पूर्ण वेळ शेजाऱ्याला 'हा कोण, ती कोण' विचारत बसतात.

आपण स्वतः आधी न बघणं

'मी पाहिलाय रे पूर्वी' यावर विसंबू नका, आपल्याला चांगलं तेवढंच लक्षात राहतं. 'ले मिझराब्ल' (२०१२) मधला बिशपचा सीन मला पाठ होता, पण पुढे फँटीन या गरीब बाईवर काय काय वेळ येते ते विसरलो होतो, आणि पुढच्या रांगेत सहावीतल्या मुली बसलेल्या. आदल्या दिवशी पूर्ण बघायचा, वही घेऊन, कितव्या मिनिटाला सुरू करायचं आणि कितव्या मिनिटाला थांबवायचं ते लिहून. २०२४ पासून सेन्सॉरच्या सर्टिफिकेटवर यूए ७+, यूए १३+, यूए १६+ असं वेगवेगळं येतं, ते बघा, आणि पालकांच्या ग्रुपवर सिनेमाचं नाव दोन दिवस आधी टाका. पाळकसाहेबांना तर त्याच्याही आधी सांगा.

वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी 'हे जगिक आहे' म्हणणारच. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना बोलवा, मागे बसवा, त्यांचंही ऐका. (ते काका आता दर महिन्याला येतात.) कॅथलिक भावंडांचं उदाहरण द्यायलाही हरकत नाही, १९९५ मध्ये सिनेमाला १०० वर्षं झाली तेव्हा व्हॅटिकनने ४५ चांगल्या सिनेमांची यादी काढली होती आणि त्यात 'गांधी' आहे, 'बायसिकल थीव्ह्ज' पण आहे, म्हणजे फक्त धार्मिक सिनेमे नाहीत.

'यातून आपल्याला काय बोध मिळतो?'

हा प्रश्न विचारला की पोरं शाळेच्या मोडमध्ये जातात आणि येशू, प्रेम, क्षमा, प्रार्थना यातलं एक उत्तर फेकून मोकळी होतात, बरोबरच येतं ते, म्हणूनच काही उपयोगाचं नाही. मी विचारतो ते असं असतं: तुला राग कोणाचा आला? कोण सगळं बघत होतं आणि गप्प बसलं? तू तिथे असतास तर कुठे उभा असतास?

'ले मिझराब्ल'मध्ये १९ वर्षं तुरुंगात काढलेला जाँ वालजाँ बिशपच्याच घरातली चांदी चोरून पळतो, पोलीस पकडून आणतात, आणि बिशप म्हणतो ही मीच दिली होती, उलट मेणबत्तीचे स्टँड विसरलास ते पण ने. हा सीन दाखवला की सगळे 'वा' म्हणतात आणि आपण कृपेवर संदेश देऊन घरी जातो. पण त्या सिनेमात जावेर नावाचा पोलीस अधिकारी आहे, कडक, देवाला मानणारा, कधी नियम न मोडणारा. पुढे वालजाँ त्याचा जीव वाचवतो, आणि त्याला ती दया सहन होत नाही, तो नदीत उडी घेतो. मी एकदा दोन्ही सीन एकामागून एक लावले आणि तू यातला कोण असं विचारलं. दर रविवारी संडे स्कूलला येणारी, वचनं तोंडपाठ असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "मी जावेर असेन बहुतेक." त्यानंतर लूक १५ मधला, उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ वाचला, तो अंगणात उभा राहून घरात न जाणारा. समजावून काही सांगावं लागलं नाही.

जीव देण्याचा सीन दाखवताना मात्र जपा. कोणाच्या घरात काय घडलंय आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे आधी सांगा, बाहेर जायची मोकळीक द्या, आणि नंतर कोण गप्प गप्प झालंय का त्याच्याकडे लक्ष ठेवा.

दुखऱ्या प्रश्नाला घाईने उत्तर देणं

'श्वास' (२००४) मध्ये कोकणातले आजोबा नातवाला, परश्याला, शहरात दवाखान्यात आणतात, डोळ्यांचा कॅन्सर, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला गुपचूप बाहेर घेऊन जातात, डोळे आहेत तोवर जग बघून घे म्हणून. मी याला योहान ९ जोडला होता, येशू जन्मांधाला दृष्टी देतो तो. जोडताना मला काही खटकलंच नाही. आणि एका मुलाने विचारलं, "मग येशूने परश्याला का नाही बरं केलं?" मी लगेच सुरू झालो, देवाची योजना असते, आपल्याला कळत नाही, वगैरे. त्या मुलाची आई तेव्हा केमो घेत होती. मला माहीत होतं आणि तरी मी तसं बोललो.

तिथे मला एवढंच म्हणायला पाहिजे होतं की मला माहीत नाही, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसायला पाहिजे होतं. नंतर त्याच्या घरी गेलो आणि हेच सांगितलं. आता 'श्वास' दाखवतो तेव्हा चमत्काराचा उतारा घेत नाही, स्तोत्र १३ घेतो, 'किती वेळ?' असं देवालाच विचारणारं. पोरांना माहीतच नसतं की असं विचारायला पवित्र शास्त्रात जागा आहे.

शेजारच्या मुलांना न सांगता बोलवणं

सिनेमा म्हटला की हिंदू, बौद्ध, मुसलमान मित्रमैत्रिणी पण येतात, यावेच. पण 'फुकट सिनेमा आहे, ये' म्हणून बोलवायचं आणि मग लाइट लावून वचन सुरू करायचं हे खोटं आहे, साधा शब्द तोच. सिनेमा आहे, नंतर आम्ही बायबल वाचून बोलतो, बसायचं तर बस, हे आधी सांगा, त्यांच्या घरीही सांगा. आणि आलेल्या मुलाला त्याचं बोलू द्या. 'लगान'मध्ये मॅचच्या शेवटच्या दिवसाआधी रात्री सगळं गाव 'ओ पालनहारे' म्हणत बसतं, ते लागलं तेव्हा शेजारच्या मुलीने तिची आजी संकटात काय म्हणते ते सांगितलं, आणि मग आमच्यातल्या एकीने स्तोत्र १२१ म्हटलं. दोघींचं सगळ्यांनी शांतपणे ऐकलं.

बारीकसारीक, पण संध्याकाळ बिघडवणारं

आवाज आधी तपासा, चित्र पुसट चालतं पण आवाज नसेल तर पाचव्या मिनिटाला गोंधळ सुरू. उन्हाळ्यात सात वाजेपर्यंत खिडक्यांतून उजेड येतो, जाड चादरी लावा. इंग्रजी सिनेमा असेल तर कोणालातरी सबटायटल मराठीत मोठ्याने सांगायला बसवा. ओटीटीचं आपलं सबस्क्रिप्शन घरी बघण्यापुरतं असतं, हॉलमध्ये दाखवायला परवानगी लागते, ती कोणाकडून घ्यायची ते आधी विचारून घ्या, चर्चमध्ये बसून दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरायची हे बरं नाही. कोणीच बोलत नसेल तर दोन-दोनच्या जोड्या करा, एकच जण बोलत असेल तर त्याला वही देऊन सगळ्यांचं लिहून घ्यायला सांगा. आणि लाइट लगेच लावू नका. सीन संपल्यावर मिनिटभर अंधारच राहू द्या, कोणाला डोळे पुसायचे असतात.